एक दप्तर, सहा हात

जून संपता संपता स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छायाचित्र हटकून येते. गाव गेवराई असो की परळी, छायाचित्र तेच. मध्ये एक लेकरू, त्याच्यापुढे धरलेले नवे दप्तर आणि त्या दप्तराला लागलेले हात. त्यातले एक कात्रण आम्ही जपून ठेवले आहे. एकदा सहज हात मोजले. सहा भरले. दप्तर एकच. सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. पोराचा चेहरा दप्तरामागे नाकापर्यंत झाकलेला. उजव्या कडेला अर्धा खांदा दिसतो, तो आमचा.

त्या दिवशी पहिला फोटो हलला होता. म्हणून दिलेले दप्तर परत मागून घेतले गेले. "बेटा, वापस दे जरा, फिर से देते," असे कोणीतरी म्हणाले. पोराने दप्तर दिले आणि मुकाट जागेवर जाऊन बसला. आपल्या हातून काही चूक झाली असे त्याला वाटले असावे. त्याला पुन्हा बोलावून आणावे लागले. संस्थेचे नाव आम्ही लिहीत नाही. नाव बदलले तरी छायाचित्र बदलत नाही, एवढे आम्ही इतक्या वर्षांत पाहिले आहे.

हे कात्रण समोर ठेवून आम्ही दानधर्माच्या ढोंगावरची छापील व्यंगचित्रे पाहू लागलो, तेव्हा पहिला प्रश्न असा पडला की यात व्यंगचित्रकाराने वाढवायचे काय? अतिशयोक्ती हे त्याचे हत्यार. इथे वास्तवानेच अतिशयोक्ती करून ठेवली आहे. एका दप्तराला सहा हात ही कल्पना एखाद्या चित्रकाराने कागदावर आणली असती, तर संपादक म्हणाला असता, जरा जास्त होतेय. मग ज्यांची या विषयावरची चित्रे आज दीडदोनशे वर्षांनंतरही पाहिली जातात, त्यांनी असे काय केले?

उत्तरासाठी पॅरिसला जावे लागते. ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराने १८३१ साली 'गार्गांत्युआ' नावाचे एक लिथोचित्र काढले. राजा लुई फिलिप राक्षसाएवढा होऊन खुर्चीवर बसला आहे. त्याच्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी लावली आहे. फळीवरून हमाल नाण्यांच्या टोपल्या वाहून नेत त्या तोंडात ओतत आहेत. खाली फाटक्या कपड्यांतली माणसे, त्यांत एक लेकुरवाळी बाई, आपल्याजवळची नाणी टोपल्यांत टाकत आहेत. आणि राजाच्या खुर्चीखालून जे बाहेर पडते आहे ते म्हणजे मानमरातबाचे, नेमणुकांचे कागद. ते झेलायला पोशाखी मंडळींची झुंबड उडाली आहे. या चित्रापायी दोमिएला १८३२ साली तुरुंगात जावे लागले.

चित्र अश्लीलतेच्या काठावर आहे हे खरे. पण आम्हाला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट फळी वाटते. राजाचे पोट कोणीही काढील. फळी काढायला हिशेब कळावा लागतो. पैसा कुठून निघाला, कोणाच्या डोक्यावरून गेला, कोणाच्या तोंडात पडला आणि शेवटी काय होऊन बाहेर आला, हे सगळे एका नजरेत दिसते. शिवाय या चित्रात गरीब हा घेणारा नाही, देणारा आहे. सार्वजनिक पैशाबद्दल एवढे खरे आणि एवढे कडू विधान चित्रात क्वचितच झाले असेल. खैरातीचे कुठलेही व्यंगचित्र हातात आले की त्यात फळी आहे का, हे आता आम्ही आधी शोधतो.

१८३५च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये राजकीय व्यंगचित्रांचा गळा आवळला. तेव्हा दोमिए आणि त्याचा संपादक शार्ल फिलिपाँ यांनी रोबेर माकेर नावाचा एक ठग पुढे आणला. १८३६ ते १८३८ या काळात तो 'ल शारिवारी' या पत्रातून कधी वकील, कधी डॉक्टर, कधी कंपनीचा संस्थापक होऊन लोकांना लुबाडत राहिला. मालिकेच्या सुरुवातीलाच तो आपल्या जोडीदाराला समजावतो की बँक काढू, भांडवल प्रचंड दाखवू, आणि एवढ्या बड्या असामीला शिपाई हात लावत नसतात. पुढे १८४४ पासून दोमिएने त्याच पत्रात 'आजकालचे परोपकारी' या अर्थाच्या नावाची एक स्वतंत्र मालिकाच काढली. परोपकार हा एक धंदा झाला आहे आणि त्याला शहरात प्रतिष्ठा आहे, हे त्याने त्या काळी ओळखले होते. भाषण, समिती, वर्गणी, अहवाल ही सगळी सामग्री तेव्हाच तयार होती. आपल्याकडे फक्त फ्लेक्स नंतर आला.

ढोंगी माणूस काढणे त्या मानाने सोपे असते. कालीघाटच्या पटचित्रांत कपाळावर वैष्णव टिळा लावलेले आणि तोंडात कोळंबी धरलेले मांजर आहे. मुंबईपासून लंडनपर्यंतच्या संग्रहालयांत अशी चित्रे लोक कौतुकाने पाहतात. आमच्या मोहल्ल्यात हेच मांजर नऊशे उंदीर खाऊन हजला निघते. दोन्हीकडचे मांजर एकच, टिळा आणि टोपी तेवढी बदलली. पाहून हसू येते, पण त्या हसण्यात धोका असा की पाहणारा स्वतःला उंदीर समजतो. आपणही त्या मांजराला दूध घातले आहे, हे तो विसरतो. मांजराच्या चित्रात फळी नसते.

आता आमच्या उर्दूकडे येऊ. उर्दूची वर्तमानपत्रे शंभरावर वर्षे दगडावरच छापली गेली. कातिब लिहायचा, ते लिखाण दगडावर उतरायचे, दगडावरून कागदावर. दोमिएचे चित्र आणि आमच्या आजोबांचे वर्तमानपत्र एकाच हुन्नराची लेकरे आहेत. १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी लखनौहून 'अवध पंच' काढला. लंडनच्या 'पंच'चा तो देशी भाऊ. अकबर इलाहाबादी, रतननाथ सरशार यांच्यासारखे लिहिणारे त्याला लाभले. याच जानेवारीत तिकडे अलिगढला सर सय्यद अहमद खान यांच्या कॉलेजची कोनशिला बसली. आणि 'अवध पंच'ने ज्यांना आयुष्यभर टोमणे मारले, त्यांत सर सय्यद पहिल्या रांगेत होते. त्यांचा पेहराव, त्यांचे इंग्रजांशी जमवून घेणे आणि त्यांचा चंदा.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. सर सय्यदांनी चंद्यासाठी काय केले नाही? दारोदार फिरले, झोळी पसरली, लोकांचे बोलणे खाल्ले. आणि ज्याने पैसे दिले त्याचे नाव दगडात कोरून इमारतीला आणि कुंपणाच्या भिंतीला लावले. एका बाजूने पाहिले तर ही रियाकारी, म्हणजे दाखवण्यासाठी केलेले सत्कर्म. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ही पावती, आणि तीही कोणालाही फाडून टाकता येणार नाही अशी. कोणाचा पैसा कोणत्या भिंतीत गेला हे आजही उभे राहून वाचता येते. म्हणजे फळी त्यांनी स्वतःच काढून दाखवली होती. अशा माणसावर 'अवध पंच' हसला, तेव्हा त्या हसण्याचा फायदा कोणाला झाला? ज्याला एक दमडी द्यायची नव्हती त्याला. कंजूष माणसाला चंद्यावरचा विनोद फार आवडतो. आम्ही स्वतः शाळेच्या कुंपणासाठी पावतीपुस्तक घेऊन बीडच्या बाजारात फिरलो आहोत. ज्या दुकानात सर्वांत उत्तम शेर ऐकायला मिळाला, तिथेच पावती फाटली नाही. दानावरच्या व्यंगाची ही दुसरी धार कोणी फारशी सांगत नाही म्हणून लिहिली.

कुराणानेही उघड दान वाईट ठरवलेले नाही. गुपचूप दिलेले अधिक चांगले, एवढे म्हटले आहे. मात्र उपकार बोलून दाखवणारा आणि लोकांना दिसावे म्हणून खर्च करणारा, यांच्यासाठी सूरह बकरामध्ये जी उपमा आली आहे ती पाहण्यासारखी आहे. गुळगुळीत खडक, त्यावर मातीचा पातळ थर, एक जोराचा पाऊस आणि पुन्हा उघडा खडक. आमच्या बालाघाटच्या डोंगरात राहणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. उजव्या हाताने काय दिले ते डाव्याला कळू नये, ही हदीसही सर्वांना पाठ आहे. आमच्या कात्रणात एकेका माणसाचे दोन्ही हात दप्तराला आहेत.

मुसलमानांनी स्वतःवर काढलेली व्यंगचित्रे नाहीतच असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ७ एप्रिल १९०६ रोजी तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीमध्ये, 'मुल्ला नसरुद्दीन' नावाचे साप्ताहिक निघाले. भाषा अझरबैजानी तुर्की, लिपी अरबी, संपादक जलील मम्मदगुलुजादे. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर झोपलेले, जांभया देणारे मुसलमान आणि त्यांना जागे करू पाहणारा मुल्ला. आत रंगीत लिथोचित्रे: ओस्कार श्मेर्लिंग आणि जोसेफ रोटर या चित्रकारांची. लबाड मौलवी, पैशावर हाजी झालेले सावकार, मुलींना शाळेत न पाठवणारे बाप, गरिबाच्या घासावर नजर ठेवणारे खान, कोणालाच त्यात माफी नव्हती. संपादकाला धमक्या आल्या, अंक बंद पडले, पुन्हा निघाले. तिफ्लिसहून तब्रिझ, तिथून बाकू, असा प्रवास करत हे पत्र १९३१ पर्यंत टिकले. ही पाने आज मोबाईलवरही पाहायला मिळतात. लिपी ओळखीची असल्याने उर्दूवाल्याला मथळ्यातला एखाददुसरा शब्द लागतो आणि बाकी चित्र सांगते.

या पत्रातूनच पुढे आलेला बाकूचा अजीम अजीमजादे. त्याची 'श्रीमंताच्या घरचा रमजान' आणि 'गरिबाच्या घरचा रमजान' अशी जोडचित्रे आहेत. नावांतच सगळे आले. ती छापील अंकातली चित्रे नव्हेत, जलरंगातली आहेत आणि १९३०च्या दशकातली आहेत. त्या वेळी सोव्हिएत सरकारला धर्माची टर उडवणारी चित्रे हवीच होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सरकारला हव्या असलेल्या विनोदाला हिंमत लागत नाही. १९०६ साली मात्र लागत होती. म्हणून आम्हाला आधीची पाने जास्त मोलाची वाटतात.

मराठीत काय झाले? मुंबईत बरजोरजी नवरोजी यांचा 'हिंदी पंच' होता. त्यातला पंचोबा सगळ्या भानगडींत डोके घालायचा, पण त्याची भाषा गुजराती आणि इंग्रजी. मराठीत शंकरराव किर्लोस्करांनी स्वतःच्या मासिकात कुंचला चालवला, बुवाबाजीवर चालवला, आणि त्याचा परिणामही झाला. बुवा हा दानाच्या पैशावर जगणारा पहिला मराठी नमुना म्हणता येईल. शि. द. फडणीस यांच्या बिनशब्दांच्या चित्रांची जातच वेगळी. कोणाला बोचकारणे हा त्यांचा स्वभाव नाही. वसंत सरवटे यांनी चित्रे काढली तशीच व्यंगचित्रांवर लिहिलेही. 'परकी चलन'मध्ये त्यांनी परदेशी व्यंगचित्रकार मराठी वाचकाला भेटवले. आमच्यासारख्या, चित्रकलेचा गंध नसलेल्या माणसाला रेषा वाचायची असते हे त्यांच्यामुळे कळले.

आणि आर. के. लक्ष्मण. इंग्रजी वर्तमानपत्रातले असूनही मराठी घराने त्यांना आपले मानले. २०१५ साली पुण्यात ते गेले तेव्हा घरातला माणूस गेल्यासारखे लोक हळहळले. त्यांच्याबद्दल तक्रार करणे म्हणजे पाप. तरी करतो. पूर, दुष्काळ, मदतनिधी यांवर त्यांनी मंत्र्यांची भरपूर फिरकी घेतली. मंत्री गोल, गावकरी काटकुळा, कडेला चौकड्याच्या कोटातला कॉमन मॅन. रेषा अशी की मंत्र्याच्या पाठीवरूनसुद्धा त्याची अप्पलपोटी वृत्ती कळते. पण तो गावकरी कोण? त्याला नाव नाही, बोलणे नाही, बरगड्या आहेत. मंत्री लठ्ठ आहे हे समजावे म्हणून तो बारीक आहे. आमच्या कात्रणातल्या पोराचा उपयोग दप्तर धरण्यापुरता, तसा याचा उपयोग बरगड्यांपुरता. कॉमन मॅन तर देणाऱ्यांतही नाही आणि घेणाऱ्यांतही नाही. तो नुसता पाहतो, आणि पाहण्यालाच आपण गेली कित्येक वर्षे सहभाग समजत आलो. चटका बसतो, मंत्र्याचा राग येतो, चहा संपतो. पैसा कोणत्या वाटेने गेला ते चित्रात नसते.

ती वाट मराठीत आली ती चित्रातून नव्हे, गद्यातून आली. पी. साईनाथ यांचे १९९६ सालचे पुस्तक 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने मराठीत वाचले गेले. दुष्काळ निवारणाला 'तिसरे पीक' म्हणतात ही पलामूकडची बोली त्यात आहे. खरीप, रब्बी आणि मदत. या तीन शब्दांचे एकही चित्र आमच्या पाहण्यात आलेले नाही, आणि विषयांची टंचाई तर बीड जिल्ह्यात कधीच नव्हती. १९७२ सालचा मिलो आणि सुकडी, खडी फोडणाऱ्या बाया, हजेरीपुस्तक. २०१८-१९ सालच्या चारा छावण्या आणि त्यांतल्या जनावरांच्या मोजदादीवरून झालेला गदारोळ. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा श्रेयाचे फलक लावण्यावरून चढाओढ लागली होती. पाणी मिरजेचे, डबे रेल्वेचे, तहान लातूरची. दोमिएला हा प्रसंग मिळता तर त्याने आगगाडीचीच फळी केली असती.

इथवर दुसऱ्यांचे झाले. मंत्री, बुवा, सावकार, फ्रान्सचा राजा. आता आमच्या घरातले.

३० सप्टेंबर २००५ रोजी डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्राने जी बारा चित्रे छापली, त्यांनी आमच्या समाजात व्यंगचित्र या शब्दाचेच नुकसान करून ठेवले. त्या चित्रांचे दुःख खरे होते आणि आहे. पण तेव्हापासून मोहल्ल्यात कार्टून म्हटले की माणूस सावरून बसतो. एवढेच ऐकून तो विषय बदलतो. परिणाम असा की ज्या गोष्टींवर हसणे हे इस्लाहचे, सुधारणेचे काम होते, त्यांवरचेही हसणे बंद पडले. निदान कागदावरचे. ओट्यावर तर रोजच हसतात.

ओट्यावर काय सांगतात ते लिहितो; कोणी चित्रकार वाचत असेल तर त्याने घ्यावे. मशिदीतला छताचा पंखा. त्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि ईसाले सवाब, म्हणजे मरहूमांना पुण्य पोचावे हा मजकूर. पंखा फिरतो तोवर नाव वाचता येत नाही. आमच्याकडे भारनियमनाच्या काळात लोक घामाने निथळत वर पाहायचे आणि नावे वाचायचे. एका बुजुर्गांनी तेव्हा म्हटले होते, "बिजली गई तोच सवाब दिखता."

हे हलके. यापुढचे जड आहे. रमजानमध्ये दूरदूरच्या मदरशांच्या नावाने वसुलीला येणारे सफीर. जमलेल्या रकमेतला हिस्सा कमिशन म्हणून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती जायज की नाजायज यावर आलिमांमध्ये वाद आहे. जकात कोणाची, तर वर्षभर साठवलेल्या दागिन्यांचा हिशेब लावून देणाऱ्या बाईची. बकरी ईदला गोळा होणारी कातडी. एकेकाळी मदरशांना त्यांतून बरे पैसे मिळत आणि त्यासाठी एकाच गल्लीत दोन संस्थांची पोरे भांडत. गेल्या काही वर्षांत भाव असा पडला की कातडे न्यायलाच कोणी येत नाही. वक्फची जमीन, जिचा सातबारा एक सांगतो आणि जागेवरचा गाळा दुसरे. राजकीय इफ्तार, जिथे रोजा नसलेले पहिल्या रांगेत आणि रोजेदार मंडपाच्या टोकाला. आणि २०२०च्या टाळेबंदीतली धान्याची किट, ज्यांच्यासोबत रांगेतल्या बायांचे चेहरे गावभर मोबाईलवर फिरले. त्यांतल्या काही बायांची लेकरे आमच्या वर्गात होती.

यातल्या प्रत्येकात फळी आहे. खाली कोण उभे आहे आणि नाणे कोणाचे आहे हेही स्पष्ट आहे. आमच्यात लिहिणारे झाले. मुस्लिम मराठी साहित्यिकांनी तलाकवर लिहिले, दंगलीवर लिहिले, गरिबीवर लिहिले. हैदराबादहून 'शगूफा'सारखे उर्दू विनोदी मासिक १९६८ पासून निघाले, ते आमच्या मराठवाड्यातही वाचले गेले. पण पावतीपुस्तक काढणारा चित्रकार कोठे आहे? बाहेरच्याने काढले तर आम्ही रागावणार, आणि ते रागावणे काही वेळा रास्तही असेल. म्हणजे घरातल्यानेच काढले पाहिजे. घरातल्याने काढले तर काय होते, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गात एका मुलाने मधल्या सुट्टीत फळ्यावर खडूने चित्र काढले. एक लांबलचक दस्तरखान. एका टोकाला मोठे पोट, त्यावर हार, पोटापुढे खजुरांचा ढीग. दुसऱ्या टोकाला ओळीने लहान लहान गोल डोकी, प्रत्येकापुढे एक एक ठिपका. ठिपका म्हणजे खजूर असावा. दोन्हींच्या मध्ये सहासात माणसे, सगळ्यांची पाठ लहान डोक्यांकडे आणि हातांत मोबाईल. खाली काही लिहिलेले नव्हते. आदल्या आठवड्यात गावात जो कार्यक्रम झाला होता तो पाहिलेल्याला काही लिहायची गरजही नव्हती. त्या मुलाने दोमिएचे नाव ऐकलेले नाही. पण दस्तरखान त्याने तिरका काढला होता, लहान डोक्यांकडून पोटाकडे चढत जाणारा.

तेवढ्यात व्हरांड्यातून पाहुणे येत असल्याचा निरोप आला. वह्यावाटपाचे पाहुणे. मुलाला आम्ही काही बोललो नाही. डस्टर सापडेना, तेव्हा रुमालाने फळा आम्हीच पुसला.